दहा मीटरची लाट

मागच्या वर्षी आम्ही एक जुनी गाडी घेतली. गाडी चांगली होती, पण डिकीत गॅसचं सिलिंडर बसवलेलं. त्याच्या बाजूला एखादी लहान सूटकेस उभी राहील एवढीच जागा उरत होती. धाकट्या भावाचा हट्ट, गाडीत गाणी नीट वाजली पाहिजेत. दारातले स्पीकर नुसते चिरचिरत होते, त्याला खर्ज ऐकायचा होता. म्हणून एका रविवारी मोमिनपुऱ्याजवळच्या गल्लीतल्या एका दुकानात गेलो. तिथे गाड्यांना स्पीकर बसवून देतात.

दुकानातल्या तरुणानं हातावरचा लाकडाचा भुसा झटकला. ‘‘अस्सलामु अलैकुम, सर. ओळखलं नाही ना मला?’’

मी खरंच ओळखलं नव्हतं.

‘‘मी तो दहा मीटरवाला.’’

आणि एकदम सगळं आठवलं. बारा वर्षांपूर्वी बी.एड. करून मी उर्दू माध्यमाच्या शाळेत नुकताच लागलो होतो. नववीला ध्वनीचा धडा चालू होता. फळ्यावर गणित मांडलं होतं : आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर, तअद्दुद, म्हणजे मराठीतली वारंवारता, ३४, तर तूल-ए-मौज, म्हणजे तरंगलांबी, किती? उत्तर आलं दहा मीटर. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. ‘‘सर, दहा मीटरची लाट एवढ्याशा स्पीकरमधून निघते कशी? आणि ऑटोत मावते कशी?’’

वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही असं सांगायची हिंमतही नव्हती. ‘‘परीक्षेत असलं काही विचारत नाहीत. खाली बस,’’ मी म्हणालो. दहावीला तो विज्ञानात नापास झाला आणि शाळा सुटली. नंतर मला त्याची कधी आठवण झाली नाही.

आता तोच मला शिकवत होता. मोठ्या पेटीत मोठा स्पीकर बसवून खर्ज काढणं कुणालाही जमतं, म्हणाला. पण डिकीत सिलिंडर असलेली माणसं, सामानासकट बायको-मुलांना नेणारी माणसं, ती डिकी कशी देतील? म्हणून दोन वर्षं तो दहा लिटरच्या पेटीमागे लागला होता. पाण्याच्या लहान बादलीएवढी जागा!

पहिल्यांदा त्यानं बारा इंची स्पीकर छोट्या बंद पेटीत बसवला. पेटीतली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी असते. हवा कमी तेवढी स्प्रिंग ताठ. खालचे सूर गेले आणि प्रत्येक गाण्यात एकच ‘ढप ढप’ उरलं. दुसऱ्यांदा पेटीला हवेची नळी बसवली. पण छोट्या पेटीतून खालचा सूर काढायचा तर नळी इतकी लांब लागते की ती पेटीत मावत नाही. नळी बारीक केली, तर हवाच फुसफुसायला लागली. तिसऱ्यांदा त्यानं आठ इंची स्पीकर घेतला. पडदा वजनदार, कडेचं रबर जाड, पुढे-मागे लांब सरकणारा. पेटी पुन्हा बंद, सांधे सिलिकॉननं भरलेले आणि आत उशीत भरतात तसला पॉलिस्टरचा कापूस. या कापसामुळे आतली हवा थोडी नरम वागते आणि पेटी असते त्यापेक्षा मोठी असल्यासारखी काम करते.

‘‘मग जमलं?’’

‘‘जमलं, पण फुकट नाही जमलं, सर. जड पडदा हलवायला वॅट जास्त लागतात. वॅट वाढले की कॉइल तापते. मे महिन्यात गाडी दोन तास उन्हात उभी करा आणि मग जोरात वाजवा, आवाज आपोआप बसतो.’’

त्यानं वही पुढे केली. ४०, ५०, ६०, ७० असे आकडे, प्रत्येकासमोर आवाजाची नोंद. रकान्यावर उर्दूत एक शब्द लिहिला होता : तअद्दुद. मी शिकवलेला शब्द. त्या वहीकडे मला नीट बघवेना.

घरी येऊन मी वाचायला बसलो. या मुलाच्या आधी या वाटेनं कोण गेलं ते कळलं. अमेरिकेत एडगर विल्चर नावाचे गृहस्थ न्यूयॉर्क विद्यापीठात आवाजाच्या पुनर्निर्मितीवर रात्रीचा वर्ग घेत. कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरायचं, म्हणजे पेटी लहान करता येईल, ही कल्पना त्यांची. त्यांचा एक विद्यार्थी होता हेन्री क्लॉस. १९५४ साली गुरू-शिष्यांनी मिळून कंपनी काढली आणि कपाटाएवढे स्पीकर पुस्तकांच्या फळीवर आले. पुढे १९५७ साली क्लॉसनं दुसरी कंपनी काढली. तिथले त्याचे भागीदार हॉफमन यांच्या नावानं एक नियम ओळखला जातो : लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. तिसरी सोडावी लागते. माझ्या विद्यार्थ्यानं हाच नियम लाकूड फुकट घालवून शोधला होता. विल्चरना वर्गात एक विद्यार्थी भेटला आणि त्यांनी त्याला सोबत घेतलं. मलाही एक भेटला होता. मी त्याला खाली बसवलं.

खरं तर लहान भांड्यातून खर्ज काढणं आपल्याला नवीन नाही. उर्सात कव्वाली ऐकताना तबल्याचा डग्गा कुणी पाहिला नाही? एवढंसं भांडं, पण चामड्यावर शाईचा जड थर असल्यामुळे सूर खाली उतरतो. वजनदार पडद्याची युक्ती ती हीच. तबल्याच्या शाईचं शास्त्र सी. व्ही. रामन यांनी १९२० साली मांडलं. हेच रामन १९१० च्या सुमारास सरकारी अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ आपल्या नागपुरात होते. ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नव्हती.

पुढच्या रविवारी पेटी बसवली. सिलिंडरच्या बाजूच्या वीतभर जागेत ती नीट बसली. बॅटरीजवळ त्यानं आठवणीनं फ्यूज टाकला. मग मी विचारलं, ‘‘आता सांग, दहा मीटरची लाट गाडीत मावते कशी?’’

‘‘मावतच नाही, सर. गाडी आतून दोन-अडीच मीटर. इतक्या खालच्या सुराला गाडीतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सुटते. बंद पेटीचा आवाज जिथे खाली उतरायला लागतो, तिथे गाडी त्याला वर उचलते. म्हणून लहान पेटी घरात कमी पडते आणि गाडीत पुरते. गाडी हीच दुसरी पेटी.’’

मी म्हणालो, ‘‘त्या दिवशी मला हे येत नव्हतं, बेटा.’’

तो हसला. ‘‘ठाऊक होतं, सर. तुमच्या चेहऱ्यावरून कळलं होतं.’’

पोरं येतात आणि काचा थरथरल्या पाहिजेत म्हणतात, तेव्हा तेही काम तो करतो. जुलूसमधल्या डीजेबद्दल मी बोललो, तर म्हणाला, ‘‘मलाही आवडत नाही. पण दुकानाचं भाडं द्यावं लागतं.’’ रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरचा नियम २००० सालापासून आहे. मी तो त्याला सांगितला. त्यालाही तो पाठ होता. पैसे त्यानं पूर्ण घेतले. मला बरं वाटलं. माफ केले असते तर फार जड गेलं असतं.

यंदा ध्वनीचा धडा आला तेव्हा त्याला पेटी घेऊन शाळेत बोलावलं. टेबलावर पेटी ठेवून त्यानं पडद्यावर साखरेचे दाणे टाकले आणि ३४ चा सूर लावला. दाणे नाचले, पण आवाज जेमतेम आला. एका मुलीनं हात वर केला : ‘‘सर, कान ऐकत नाही ते छातीला कसं कळतं?’’

मला नीट उत्तर येत नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानंही मान हलवली.

‘‘मला नाही येत,’’ मी म्हणालो. ‘‘फळ्यावर लिहून ठेव. शोधू या.’’