सरांच्या नावाची शिष्यवृत्ती

शिष्यवृत्ती ही वस्तू आमच्या घरात प्रत्यक्ष येण्यापूर्वी वडिलांच्या बोलण्यातून आली. ते तहसील कचेरीत कारकून होते; आणि दिवसभर मिसली, फेरफार व पावत्या यांच्या सहवासात राहून सायंकाळी घरी परतल्यावर आम्हा भावंडांना ते ज्या थोरांच्या कथा सांगत, त्यांत 1912 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले येऊन संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती संपादन करणारे चिंतामणराव देशमुख यांची कथा अग्रभागी असे. नाना शंकरशेट 1865 साली निवर्तले होते, आणि तरीही त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने जन्मभर न भेटलेल्या एका मुलाच्या मस्तकावर त्यांचा हात पडावा, याचे मला त्या वयात अपार नवल वाटे. आमच्या देऊळगाव राजात या कल्पनेशी अगदीच अपरिचय होता असेही नाही. बालाजी महाराजांच्या संस्थानामुळे इनाम, सनद आणि कायम निधी हे शब्द येथील पोरासोरांच्याही कानांवरून जात, आणि कोणा भाविकाने आपल्या पश्चात नंदादीपास तेल मिळत राहावे म्हणून तजवीज करून ठेवावी, तशीच ही मुलांसाठी केलेली तजवीज असावी, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला होता. तो अजूनही मला चुकीचा वाटत नाही.

मला स्वतःला शाळेत मिळाली ती सरकारी शिष्यवृत्ती. तिच्यापाठीमागे कोणाचे नाव नव्हते, मुख नव्हते. रक्कम बेताची होती, वडिलांनी ती खातेवहीत स्वतंत्र सदरी जमा धरली आणि तिच्यातून एक कंपासपेटी आली. इतकेच.

पुढे महाविद्यालयात विज्ञान शाखेस गेल्यावर रसायनशास्त्र शिकवावयास आम्हांला जे सर लाभले, त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्यांच्या घरच्या मंडळींस तसे ते रुचणारे नाही, आणि ज्यांना त्यांनी शिकविले त्यांना ते सांगण्याची आवश्यकता नाही. तालुक्याच्या गावी, अपुऱ्या काचसामानाच्या आणि अनियमित विजेच्या प्रयोगशाळेत, शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांना विज्ञान शिकविण्यात ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, अशा प्राध्यापकांची गणना विज्ञानाच्या इतिहासात होत नाही. परंतु आमच्या भागात विज्ञान नावाची काही वस्तू आली असेल तर ती त्यांच्याच हातून आली, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

दरवर्षी पावसाळा सरला की सर एस.टी.ने मुलांना लोणारास नेत. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेले ते सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर काठावरून दिसताच मुले स्तब्ध होत, आणि सर त्या स्तब्धतेला पुरेसा अवकाश देऊन मगच बोलू लागत. साबण आणि काच यांस लागणारी द्रव्ये या ठिकाणी मिळतात अशी नोंद अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत करून ठेवली आहे हे ते सांगत, आणि त्या नोंदीचा खरेखोटेपणा आपणच तपासू या, असे म्हणून सर्वांना तळाशी उतरवीत. तेथे एका परीक्षानळीत आमच्या आमना नदीचे, गावाहून बाटलीत भरून आणलेले पाणी आणि दुसरीत सरोवराचे पाणी घेऊन दोहोंत ते फिनॉल्फ्थॅलीनचे दोन दोन थेंब सोडीत. नदीचे पाणी होते तसेच राही. सरोवराचे पाणी, त्याचा सामू 10 च्या आसपास असल्यामुळे, पाहता पाहता गर्द गुलाबी होई. पुस्तकात वाचलेला आम्लारिधर्म आपल्याच जिल्ह्याच्या मातीतून असा डोळ्यांपुढे उभा राहिला म्हणजे ज्या मुलाला आजवर रसायनशास्त्र ही परक्यांची विद्या वाटत होती, त्याला ती एकाएकी घरची वाटू लागे. माझे तसेच झाले, आणि मी विज्ञानाचा शिक्षक झालो.

सर गेल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी निधी जमविला. वर्गणीदारांत शाळामास्तर होते, जालन्याच्या बियाणे कंपन्यांतून नोकरी करणारे होते, औषधांचे दुकानदार होते, एक एस.टी. वाहकही होता. जमलेली रक्कम बँकेत कायम ठेव म्हणून ठेवावी, मुद्दलास हात लावू नये आणि व्याजातून दरसाल एका विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती द्यावी, येथवर कोणाचा मतभेद नव्हता. वाद झाला तो अटीवर. बहुसंख्यांचे म्हणणे, रसायनशास्त्रात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास ती द्यावी, म्हणजे पक्षपाताचा आरोप येणार नाही. मी आणि आणखी काहीजण मात्र असे म्हणत राहिलो की गुणांचा सत्कार विद्यापीठ करतेच. सरांच्या नावाने द्यावयाचे ते अशा मुलाला द्यावे, ज्याने आपल्या गावातील एखादी गोष्ट स्वतः मोजून, तपासून, वहीत लिहून आणली आहे. अखेरीस हीच अट मान्य झाली. शिष्यवृत्तीत पैशापेक्षा अट महत्त्वाची, हे माझे मत पुढील वर्षांनी अधिक दृढ केले आहे, कारण पैसा कोणाचाही असू शकतो, परंतु ज्याच्या स्मरणार्थ ती दिली जाते त्याचा स्वभाव कोठे उतरू शकत असेल तर तो अटीतच उतरतो.

या संदर्भात मला कलकत्त्याच्या विज्ञान महाविद्यालयाची वारंवार आठवण होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी आपली संपत्ती विद्यापीठास दिली आणि तिच्यातून अध्यापकांची आसने निर्माण झाली. पालितांच्या आसनावर रसायनशास्त्राचे प्रफुल्लचंद्र राय बसले, आणि 1921 साली वयाची साठ वर्षे पूर्ण होताच त्यांनी तेथून पुढचे आपले वेतन विद्यापीठासच देऊन टाकले. शिवाय दहा हजार रुपये देऊन रसायनशास्त्रातील संशोधनासाठी एक पारितोषिक स्थापन केले, तेही स्वतःच्या नावाने नव्हे, तर प्राचीन रसायनज्ञ नागार्जुनाच्या नावाने. घोषांच्या आसनावर वनस्पतिशास्त्रासाठी आले ते आपल्या मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर. पश्चिम घाटातील नद्यांत गोड्या पाण्यातील जेलीफिश शोधून काढणारा हा मनुष्य उच्च अध्ययनासाठी जर्मनीस गेला, पहिल्या महायुद्धात तेथे स्थानबद्धतेत अडकला, पदवी घेऊन परतला, आणि निवृत्तीनंतर 1946 मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचा पहिला संचालक झाला. 1992 पासून ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दात्याच्या नावाची जागा घेणारा अध्यापक, आणि कालांतराने अध्यापकाच्या नावाची होणारी संस्था, ही परंपरा मला कोणत्याही राजघराण्याच्या वंशावळीपेक्षा अधिक आदरणीय वाटते.

या आघारकर संस्थेचा आमच्याशी संबंध अनपेक्षित रीतीने आला. जून 2020 मध्ये लोणारचे सारे सरोवरच गुलाबी झाले. त्या दिवशी सरांच्या कितीतरी विद्यार्थ्यांचे मला दूरध्वनी आले, आणि प्रत्येकाच्या तोंडी ती परीक्षानळी होती. अर्थात दोन्ही रंगांचे कारण एक नव्हते, आणि सरांनी ते एक समजण्याची मुभा कोणाला दिलीही नसती. नमुने पुण्यास आघारकर संस्थेत गेले आणि निष्कर्ष निघाला तो असा की उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली व हॅलोआर्किया नावाचे क्षारप्रिय सूक्ष्मजीव वाढून त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगले. नमुना काही काळ स्थिर ठेवला असता रंग तळाशी बसून पाणी निवळते, हेही दिसून आले. वऱ्हाडातल्या एका सरोवराचे गूढ एका दिवंगत प्राध्यापकाच्या नावाच्या प्रयोगशाळेत उकलावे, याचा मला झालेला आनंद वैयक्तिक स्वरूपाचा होता.

निधीची स्थिती मात्र चिंताजनक आहे. आम्ही ठेव ठेवली तेव्हा बँका तिच्यावर शेकडा 12 च्या सुमारास व्याज देत. आता ते निम्म्याच्या घरात आले आहे आणि वस्तूंचे भाव कितीतरी पट झाले आहेत. मुद्दल शाबूत ठेवण्याच्या नियमाने निधी मरत नाही, पण कृश होत जातो. ताळेबंद पुढे आला की कोणीतरी सुचवितो की रोख रकमेऐवजी प्रशस्तिपत्र द्यावे. मी त्यास ठामपणे विरोध करतो. आमच्या विद्यार्थ्यांना अभिनंदनाची नव्हे, साधनांची उणीव असते.

यंदा आलेल्या वह्यांत एका मुलीची वही आहे. आमच्या तालुक्यात शेडनेटमध्ये संकरित भाजीपाल्याचे बीजोत्पादन पुष्कळ चालते. तिची आई दुसऱ्याच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या फुलांवर क्रॉसिंगचे काम करते. सकाळच्या कोणत्या वेळी परागीकरण केलेल्या फुलांना अधिक फळे धरतात, हे तिने धाग्यांच्या रंगांनी खुणा करून, पाती मोजून, गळालेली फुले वेगळ्या सदरी मांडून लिहिले आहे. आणि शेवटी, तापमान मोजता न आल्यामुळे हा निष्कर्ष अपुरा आहे, अशी टीप जोडली आहे. समितीने तिची निवड एकमताने केली. व्याजाच्या रकमेत चांगला तापमापक आणि आर्द्रतामापक दोन्ही बसत नाहीत, म्हणून उरलेली वर्गणी आम्ही जुन्या विद्यार्थ्यांकडून मागितली आहे. जालन्याहून दोघांनी ती पाठविली, आणि वाहक मित्राने निवृत्तिवेतनातून आपला हिस्सा स्वतः आणून दिला.