शेऱ्याचा रकाना

कॉलेजच्या इतिहासावर काम करायचं ठरलं की पहिल्यांदा हाती येते ती सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. मी ती शेवटी वाचतो. कॉलेजला स्वतःबद्दल जे सांगायचं होतं ते तिच्यात असतं. मुलं कुठून आली, कोणाची फी थकली, कोण मधेच सोडून गेलं, हे कळतं प्रवेशनोंदींच्या जनरल रजिस्टरवरून. म्हणून प्राचार्यांची परवानगी हातात पडली की मी हेडक्लार्कना गाठतो. कुठलं रजिस्टर कोणत्या कपाटात, कोणत्या गठ्ठ्याखाली आहे, हे त्यांनाच माहीत असतं.

रजिस्टर उघडल्यावर नावांच्या मागे लागू नये. आधी रकाने वाचावेत, कारण प्रत्येक रकाना कोणाच्या तरी विचारणेला उत्तर द्यायला आखलेला असतो. जन्मतारखेचाच घ्या. पानामागून पान १ जून, १ जून. खेड्यात जन्माची नोंद क्वचितच व्हायची. शाळा जूनमध्ये भरायची आणि पहिलीत नाव घालताना गुरुजी अदमासाने वय धरून तीच तारीख लिहायचे. अशा तारखांवरून वयाची सरासरी काढण्यात अर्थ नाही. पण ज्या वर्षापासून १ जूनची गर्दी वाढते, त्या वर्षापासून कॉलेजात नवीन घरांतली मुलं येऊ लागली, असा माग मात्र लागतो. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलांना इबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास म्हणून, फी-सवलत मिळाली. त्यानंतरची पानं मी फार सावकाश उलटतो.

सगळ्यात उजवीकडे शेऱ्याचा रकाना. बहुधा कोरा, नाहीतर ‘दाखला दिला’ एवढंच. एका रजिस्टरात मुलीच्या नावापुढे ‘लग्नामुळे नाव कमी’ असं लिहिलेलं मला दिसलं आणि त्याच्याच खाली, वेगळ्या शाईत, ‘पुन्हा प्रवेश’. त्या दोन शब्दांमागे काय घडलं असेल ते रजिस्टर सांगत नाही. मग फीची पावतीपुस्तकं काढायची, ग्रंथालयाचं देवघेव रजिस्टर बघायचं. परतल्यावर ती कोणती पुस्तकं नेत होती, फी एकरकमी भरत होती की हप्त्यांनी, एवढं तरी हाती लागतं. या कामातला खरा आनंद मला अशा जोडणीत मिळतो. आणि म्हणूनच नाव आणि जात किंवा नाव आणि गुण मी कधीच एकत्र छापत नाही. त्या माणसांनी हे आपल्याला वाचायला दिलेलं नव्हतं.

कागद कॉलेजात नसला म्हणजे तो नाहीच असं होत नाही. तो वरच्या कचेरीकडे गेलेला असतो. पुणे विद्यापीठ १९४९चं. त्याआधीच्या पुण्यातल्या पदवी परीक्षांसाठी मुंबई विद्यापीठाची कॅलेंडरं चाळावी लागतात. औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय १९५०चं, मराठवाडा विद्यापीठ १९५८चं. मधल्या वर्षांसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे वळायचं. सरकारी कॉलेजांचा पत्रव्यवहार शिक्षण खात्याच्या दप्तरात, म्हणजे मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात. तेही एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत आहे.

जनरल रजिस्टरं टिकली, कारण जात पडताळणीसाठी आणि दाखल्यांच्या नकलांसाठी ती आजही लागतात. हस्तलिखित भित्तिपत्रकं, वादविवाद मंडळाची इतिवृत्तं, वसतिगृहाच्या मेसचे हिशेब कोणी मागायला येत नाही. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार म्हणून आवराआवर निघाली की पहिल्यांदा रद्दीत जातं ते हेच. मला याचं फार वाईट वाटतं. मेसच्या हिशेबात गव्हाच्या जागी ज्वारी कधी आली, हे दुसऱ्या कुठल्याच कागदावर नसतं.

म्हणून काम संपलं की मी प्राचार्यांना लेखी यादी देतो: काय आहे, कुठल्या कपाटात आहे, कोणत्या वर्षांची पानं गहाळ आहेत, कशाला कसर लागली आहे. यातलं काहीही निर्लेखनाच्या प्रस्तावात घालू नये, अशी विनंती शेवटी जोडतो. एक प्रत ग्रंथपालांना, एक हेडक्लार्कना. माणसं बदलतात, निवृत्त होतात. तेव्हा यादी नुसती हातात न देता आवक रजिस्टरला नोंदवून घेतो, आणि आवक क्रमांक माझ्या वहीत उतरवूनच निघतो.