सुभेदारांची पेन्शन

नोव्हेंबर उजाडला की आम्हा पेन्शनरांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सांगावे लागते. त्या हयातीच्या दाखल्यासाठी परवा बुरोंडीहून सकाळच्या एसटीने दापोलीला गेलो. रांगेत माझ्या पुढे माझाच एक जुना विद्यार्थी उभा होता. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. "गुरुजी, तुम्ही पुढे व्हा," म्हणत त्याने मला आपली जागा दिली. पेन्शन कशी पुरते विचारले, तर हसून म्हणाला, "मुलीच्या नर्सिंगच्या फीला पुरते."

मग थोड्या वेळाने म्हणाला, "गुरुजी, 'श्यामची आई' शिकवताना तुमचा आवाज दाटायचा. अजून आठवतं. पण भीमरावांच्या वडिलांची गोष्ट तुम्ही वर्गात कधी सांगितली नाहीत."

बोलण्यात तक्रार नव्हती. पण मला उत्तर सुचले नाही. परतीच्या एसटीत तेच डोक्यात घोळत राहिले.

खरे तर दोन्ही गोष्टी आमच्याच मुलखातल्या. साने गुरुजी पालगडचे, आमच्या दापोली तालुक्यातले. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आंबडव्याचे. ते गाव आज मंडणगड तालुक्यात आहे. घराण्यात फौजेची परंपरा. रामजींचे वडीलही फौजेत होते. रामजी सुभेदार झाले आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. म्हणजे आमच्याच पेशातले! 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या छावणीत त्यांना चौदावे अपत्य झाले, ते भीमराव.

निवृत्तीनंतर रामजी कुटुंब घेऊन दापोलीला आले. जुनी माणसे दापोलीला 'कॅम्प' म्हणत, कारण इथे इंग्रजांची छावणी होती आणि पेन्शन घेतलेले कितीतरी शिपाई इथेच घर करून राहत. गोपाळबाबा वलंगकर हेही असेच पेन्शनर. अस्पृश्यतेविरुद्धचे काम त्यांनी दापोलीतूनच उभे केले. ज्यांच्या वाडवडिलांनी कंपनी सरकारच्या लढाया लढल्या, त्या महार समाजाची फौजेतली भरती सरकारने त्याच सुमारास बंद केली होती. रामजींचा विचार इथेच स्थायिक होण्याचा होता, पण तो पुढे बदलला आणि कुटुंब साताऱ्याला गेले. तिथे 1896 मध्ये भीमाबाई वारल्या. पाठीमागे मुले. रामजींची बहीण मीराबाई हिने घर सांभाळले. पुढे रामजी दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार म्हणून गेले, मुले साताऱ्यालाच राहिली. सुभेदाराचा मुलगा शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसत होता, ही त्याच काळातली गोष्ट.

रामजी कबीरपंथी होते. शिस्त कडक. मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. भीमरावांनी एकदा विचारले, हे ग्रंथ आम्ही का वाचायचे? रामजींचे म्हणणे असे, की आपण अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ शकतो. द्रोण आणि कर्ण कुठून कुठे पोचले ते पाहा. इंग्रजी ते स्वतः शिकवीत. हॉवर्डची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करून घेत. मुलगा इंग्रजी चौथी पास झाला तेव्हा समाजाने सत्कार ठरवला, तर रामजींचाच विरोध! पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. अखेर दादा केळुस्करांनी मन वळवले तेव्हा ते तयार झाले.

पुढे मुंबईत परळच्या चाळीत जागा लहान. मुलगा लवकर झोपे आणि रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत. मग त्याला अभ्यासाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. पुस्तकासाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. त्यांच्याकडेही रोकड नसली तर एखादा दागिना मागून घ्यायचा आणि गहाण टाकायचा. पेन्शन हाती आली की तो सोडवून मुलीला परत करायचा.

म्हातारपणी लेकीच्या दारात दागिना मागायला उभे राहणे म्हणजे काय, ते बापांनाच कळेल. मी स्वतः दोन मुलींचा बाप आहे.

रामजी काही देव नव्हते. त्यांनी दुसरे लग्न केले ते भीमरावांना मुळीच रुचले नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून त्यांना राग येई. पण त्याच मुलाने 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा आपला मोठा ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.

शेवटची भेट कीरांनी चरित्रात सांगितली आहे. भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले होते. वडील आजारी असल्याची तार आली म्हणून निघाले. सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा म्हाताऱ्याचा जीव जणू त्यांच्यासाठीच थांबला होता. मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. तारीख 2 फेब्रुवारी 1913. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला गेले. तो दिवस काही रामजींना पाहायला मिळाला नाही.

हे सगळे मला ठाऊक नव्हते असे नाही. चरित्र वाचलेले होते. मग वर्गात का सांगितले नाही? पुस्तकात धडा नव्हता, हे एक उत्तर. पण 'श्यामची आई'तले मी धड्याबाहेरचेही सांगत असेच की! खरे कारण असे, की श्यामच्या आईत मला माझे घर दिसे. समोर बसलेल्या काही मुलांचे घर रामजींच्या गोष्टीत होते, हे माझ्या लक्षातच आले नाही. वर्गात ती मुलेही माझीच होती. हे कुणी मुद्दाम केलेले नसते, म्हणून ते वर्षानुवर्षे चालते.

त्या दिवशी गडबडीत सुभेदाराचा फोन नंबर घ्यायचा राहिला. पुढच्या नोव्हेंबरात दोघेही हयात असलो तर त्याच रांगेत भेटू. तेव्हा त्याला सांगायचे आहे, की गोष्ट सांगितली बाबा, उशिरा का होईना.