फियाटचे सुटे भाग

वडिलांच्या मागे त्यांची १९६८ सालची फियाट ११०० आमच्याकडे राहिली. ती मोडीत काढण्याचा विचार घरात झाला नाही असे नाही. परंतु ऐंशी ओलांडलेल्या आमच्या आईला नव्या, ठेंगण्या गाड्यांत वाकून शिरता येत नाही. फियाटचे बाक खुर्चीसारखे उंच. आधी टेकावे, मग सावकाश पाय आत घ्यावेत. तेव्हा आईला रविवारच्या मिस्साला नेण्याजोगी गाडी उभी करायची, असे आम्हां तिघा भावंडांचे ठरले.

जुन्या भागांसाठी आम्ही कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या वाऱ्या केल्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखानाही कुर्ल्यातच होता; जिथे ह्या गाड्या जन्मल्या, तिथेच आता त्यांचे अवयव ढिगाऱ्यात हुडकायचे! पद्मिनी हे ह्याच ११०० चे पुढचे नाव. इंजिन तेच १०८९ सीसीचे, आणि बरेच भाग एकमेकींना लागतात. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. आमची गाडी आज त्या मोडीवर जगते आहे. एखाद्या दारावर काळा रंग दिसला, की कुणाच्या तरी संसाराची भाकर ह्यावर शिजली होती, असे मनात येऊन घासाघीस करणारी जीभ जरा अडखळते.

घासाघीस करावी लागतेच म्हणा. त्याहून महत्त्वाची पारख. दार घेताना आम्ही खिशात लोहचुंबक ठेवतो. तो जिथे नीट चिकटत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे. ब्रेकचा ड्रम दोरीला टांगून हलकेच ठोकावा: घंटेसारखा वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा असण्याचा संभव. कार्बोरेटरचा दांडा हाताने हलवून पाहावा. टॅक्सीचे इंजिन हेड घेताना विशेष सावध असावे, कारण बऱ्याच टॅक्सी सीएनजीवर धावल्या आणि कोरड्या वायूने व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात. ब्रेकचे रबर, होज आणि सिलिंडर मात्र जुने कधीच घेऊ नये. दाराने दगा दिला तर वारा आत येतो. ब्रेकने दिला तर काय होईल, ते सांगायला नको.

खरा वाद सुधारणांवर झाला. मधल्या भावाला गिअर खाली जमिनीत हवा होता आणि पुढे दोन वेगळ्या सीटा. त्यासाठी पत्रा कापायचा आणि आईचे बाकही जायचे. आम्ही ठाम नकार दिला. उलट डायनामोच्या जागी अल्टरनेटर, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पक्क्या आधारावर बसविलेले सीटबेल्ट ह्यांना तिघांचीही संमती मिळाली. गर्दीत इंजिन मंद चालताना डायनामोच्या गाडीचे दिवे मालवल्यासारखे होतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना पहिली निवड पटेल.

पन्नास वर्षांपुढील गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. तीत सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवे. मानाची गोष्ट खरी. पण तशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. नित्य वापर वर्ज्य. मग आईला कशातून न्यायचे? आम्ही तो मान सोडला. साधी नोंदणी आणि दर पाच वर्षांनी तपासणी पत्करली.

एअर कंडिशनचा हट्ट भाऊ अजून धरून आहे. एवढ्याशा इंजिनावर तो बोजा नको, असे आमचे मत. आईचेही तेच, पण तिचे कारण निराळे: काच खाली करून तिला वाटेतल्या ओळखीच्यांना हाक मारायची असते. नेमके तिच्याच बाजूच्या दाराचे काच चढविण्याचे मशीन दात झिजलेले निघाले आहे. येत्या शनिवारी पुन्हा कुर्ला.