अटलांटिकच्या वाटेवरील धर्मशाळा

बर्म्युडा बेट सोडून पूर्वेस निघालेल्या शिडाच्या लहान नौकेस पुढे सुमारे १,८०० सागरी मैल भूमीचे दर्शन घडत नाही. नौकेत माणसे किती? बहुधा दोघे, पतिपत्नी किंवा स्नेही. दोन-तीन आठवडे आळीपाळीने जागावे, शीड उतरवावे, पुन्हा चढवावे, गोडे पाणी मोजून प्यावे. मग एके दिवशी ढगांच्या वर एक सुळका दिसू लागतो. तो पिकू बेटाचा ज्वालामुखी पर्वत होय. उंची २,३५१ मीटर. सबंध पोर्तुगालात याहून उंच शिखर नाही. त्याच्यासमोर, अरुंद सामुद्रधुनीपलीकडे, फायाल बेट आणि त्यावरील ओर्ता हे बंदर.

अझोर्स द्वीपसमूहातील या बंदरात दरवर्षी हजाराहून अधिक अशा नौका येतात. मे-जून हा त्यांचा मुख्य हंगाम. हे लोक व्यापारी नव्हेत, मच्छीमार नव्हेत. केवळ हौसेने समुद्र ओलांडणारे. मालवाहू जहाजाला प्रत्येक बंदरात दलाल असतो, कंपनीची पेढी असते. या बिचाऱ्यांना कोण असणार? नांगर कोठे टाकावा, फाटलेले शीड कोण शिवील, वैद्य कोठे राहतो, घरचे पत्र कोणाकडे आले असेल, हे सारे अनोळखी भाषेत विचारावे लागते.

ओर्ता येथे याचे उत्तर एका कॉफीच्या दुकानाने दिले. एन्रीक आझेवेदो यांनी १९१८ साली धक्क्यासमोर ‘कॅफे स्पोर्ट’ उघडले. त्यांचा मुलगा जुझे एका ब्रिटिश जहाजावर काम करीत असता तेथील एका अधिकाऱ्यास त्याच्यात आपल्या पीटर नावाच्या मुलाचे साम्य दिसले, आणि तो त्यास पीटर म्हणूनच हाक मारू लागला. नाव असे चिकटले की पुढे दुकानही पीटरचेच झाले. खलाशांची पत्रे या दुकानाच्या पत्त्यावर येत. पाकिटावर नौकेचे नाव असले म्हणजे पुरे. नौका येईपर्यंत, मग ती केव्हाही येवो, पत्र जपून ठेवले जाई. पैसे बदलून देणे, हवामान सांगणे, कारागीर गाठून देणे ही कामेही पीटर करी. जुझे २००५ साली वारले. कुटुंबाने दुकान पुढे चालविले आहे. वरच्या मजल्यावर देवमाशाच्या दातांवरील कोरीव कामाचे संग्रहालयही आहे, परंतु आमच्या मते त्या घराचे खरे वैभव ती पत्रेच.

अशी माणसे बंदरोबंदरी असावीत म्हणून काही संस्थाही उभ्या राहिल्या. हम्फ्री बार्टन यांनी १९५४ साली इंग्लंडात ‘ओशन क्रुझिंग क्लब’ स्थापिला. लहान नौकेतून न थांबता १,००० सागरी मैल गेलेल्यासच तेथे प्रवेश. या क्लबाचे ‘पोर्ट ऑफिसर’ अनेक देशांत आहेत. पदवी भारदस्त, पण वेतन शून्य. आपल्या गावी आलेल्या नाविकास वाट दाखवावी, एवढेच त्यांचे काम. तसेच ‘रॉयल क्रुझिंग क्लब’ने १९७६ पासून एक धर्मादाय न्यास चालविला आहे. तो बंदरांची मार्गदर्शक पुस्तके काढतो, व प्रवास करून आलेले नाविक त्यांतील चुका कळवितात.

ही दुरुस्ती किरकोळ बाब नव्हे. अझोर्समध्ये सर्वांत पश्चिमेला फ्लोरेस बेट आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये लोरेन्सो नावाच्या चक्रीवादळाने तेथील लाझेश बंदराचा धक्का उद्ध्वस्त केला. जुन्या पुस्तकावर विसंबून, थकलेल्या अवस्थेत, अंधारात तेथे आसरा शोधणाऱ्याचे काय झाले असते याची कल्पना करावी. म्हणूनच तेथून निघालेल्या कोणी धाडलेल्या चार ओळी मागून येणाऱ्याच्या जिवाचे मोल राखतात.

गोव्याच्या वाचकांस हे परके वाटू नये. सोळाव्या शतकात गोव्याहून मिरी भरून परतणारी पोर्तुगीज गलबते याच द्वीपसमूहातील तेर्सेइरा बेटावर, आंग्रा येथे थांबत. जहाजांस पाणी, अन्न व संरक्षण पुरविण्यासाठी राजाने तेथे स्वतंत्र अधिकारी नेमला होता. वास्को द गामाचा भाऊ पावलो १४९९ साली हिंदुस्थानातून परतताना आंग्रा येथेच मरण पावला. गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस राहिलेला डच प्रवासी लिन्स्कोटेन परतीच्या वाटेवर याच बेटावर दोन वर्षांहून अधिक काळ अडकून पडला होता.

पाहुणचाराची रीत तेथे जुनीच. जोशुआ स्लोकम एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला असता १८९५ च्या जुलैत फायालला आला. बेटकऱ्यांनी त्याची नौका फळांनी भरून दिली. पुढे समुद्रात प्लम आणि पांढरे चीज यांवर ताव मारून तो पोटदुखीने असा बेजार झाला की कोलंबसाच्या ‘पिंता’ जहाजाचा वाटाड्याच आपले सुकाणू धरून उभा आहे, असा त्यास भास झाला! दोष अर्थात पाहुणचाराचा नव्हे.

पेंटेकॉस्टच्या सुमारास, म्हणजे नौकांच्या ऐन हंगामात, बेटांवर पवित्र आत्म्याचा सण साजरा होतो. त्या वेळी रस्सा व पाव सर्वांस वाढतात. पंक्तीस आलेल्या परक्यास तू कोण म्हणून कोणी विचारीत नाही. ऑगस्टात ओर्ता येथील समुद्र-सप्ताहाचा आरंभ मार्गदर्शक मातेच्या मिरवणुकीने होतो. मूर्ती होडीत बसवितात आणि लहानमोठ्या होड्या तिच्यामागून चालतात.

शिडांच्या नौकांसाठी १९८६ साली तेथे स्वतंत्र गोदी झाली. आता खिशातील फोनवर पत्रही येते आणि हवामानही कळते. तरी मोडलेली डोलकाठी उभी करावयास माणसेच लागतात. निघण्यापूर्वी प्रत्येक नाविक धक्क्याच्या दगडांवर आपल्या नौकेचे चित्र रंगवितो. न रंगविल्यास पुढे संकट ओढवते, अशी समजूत आहे. उन्हापावसाने रंग उडतात, जुन्या चित्रांवर नवी चढतात. पुन्हा येणारे आपले चित्र शोधून काढतात आणि त्याच्याजवळ नवे साल लिहितात.