कार्पाथोस ते कासोस : पांच मिनिटांचा विमानप्रवास

एजियन समुद्राच्या दक्षिण टोकास, क्रीट व ऱ्होड्स या दोन मोठ्या बेटांच्या मध्यें, कार्पाथोस आणि कासोस हीं दोन ग्रीक बेटें आहेत. होमरनें इलियडच्या दुसऱ्या सर्गांत ट्रॉयवर चालून गेलेल्या जहाजांची जी गणना केली आहे, तींत या दोहोंचीं नांवें लागोपाठ येतात. आज त्यांना जोडणारा विमानप्रवास जगांतील अत्यंत अल्पकाळाच्या नियमित प्रवासांपैकीं एक मानला जातो.

दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर, ३५ अंश २५ कलांवर, आहेत. त्यामुळें अंतर काढण्यास गोलीय त्रिकोणमितीची खटपट नको. शाळेंतील गणित पुरे होतें. कार्पाथोसचा तळ पूर्व रेखांश २७ अंश ९ कलांच्या सुमारास, कासोसचा २६ अंश ५५ कलांच्या. फरक १४ कलांचा. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटर भरतो. येथें तो आकुंचित होऊन सुमारें ९१ उरतो. त्यावरून १४ कलांचे २१ किलोमीटरांहून किंचित् अधिक होतात. घरांतील एखाद्या मुलास नकाशा देऊन हें उदाहरण अवश्य करावयास सांगावें.

या मार्गावर पंख्यांचीं लहान विमानें चालतात. त्यांचा उंचावरील वेग ताशीं ५०० किलोमीटर धरला, तर अडीच मिनिटांतच कासोस यावें. परंतु येथें त्रैराशिक फसतें. विमान तो वेग गांठण्यापूर्वींच उतरण्याची तयारी करावी लागते. शिवाय उडणें व उतरणें शक्य तों वाऱ्यास सामोरें होऊनच. म्हणून हवेंत सुमारें पांच मिनिटें, वळसा पडल्यास त्याहून अधिक, लागतात. वेळापत्रकांत जमिनीवरील चालहि धरलेली असल्यानें तेथील आंकडा आणखी मोठा दिसतो. बोटीनें हाच प्रवास सुमारें दीड तासाचा.

वारा हाच येथला खरा धनी. उन्हाळ्यांत उत्तरेकडून 'मेल्टेमी' नांवाचा वारा कित्येक दिवस सारखा वाहतो. प्राचीन ग्रीक लोक त्यास 'एटेसियन', म्हणजे वर्षोवर्षीं येणारे, वारे म्हणत. त्या नांवांतील वर्षवाचक 'एतोस' आणि आपला 'वत्सर' हे एकाच कुळांतले. आरंभींचा 'व' ग्रीक भाषेंत लोपला, इतकेंच. हा वारा पिसाळला म्हणजे बोटी बंदरांत अडकून पडतात, आणि प्रसंगीं विमानहि रद्द होतें.

कासोसची वस्ती हजाराच्या आसपास, आणि धावपट्टी किलोमीटरभरहि नाहीं. या बेटानें सोसलें मात्र फार. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धांत, जून १८२४ मध्यें, मिसरच्या आरमारानें तें उद्ध्वस्त केलें. पुरुष मारले गेले, बायकामुलें गुलाम करून नेलीं. पुढें १८५९ ते १८६९ या काळांत सुएझ कालवा खणला जात असतां येथील कित्येक लोक पोटासाठीं त्याच मिसर देशीं गेले. १९१२ पासून इटलीची सत्ता होती. १९४८ मध्यें हीं बेटें ग्रीसमध्यें सामील झालीं.

अशा ठिकाणचा हा मार्ग नफ्यावर चालणें अशक्यच. म्हणून ग्रीक सरकार त्यास सार्वजनिक सेवा समजून अर्थसाहाय्य देतें. एकवीस किलोमीटरांसाठीं हा खर्च कशाला, असें हिशेबी मनुष्य विचारील. पण त्यानें नकाशावरील रेषा कार्पाथोसवरच थांबवूं नये. विमानाचा मार्ग तेथून पुढें ऱ्होड्सला जातो. मोठें रुग्णालय तेथें आहे, आणि कासोसहून बोटीनें तेथवर पोंचावयास अनेक तास लागतात.