नाजूक रस्ता

मेंदूतल्या धमनीचा फुगवटा घेऊन विशी-पंचविशीचं कुणी आलं, की फिल्म बघण्याआधी मी ‘आ’ करायला सांगतो. नातेवाईक चक्रावतात. पण पडजीभ दुभंगलेली आणि डोळ्यांतलं अंतर जरा जास्त दिसलं, तर लोएस-डिट्झची शंका येते. या विकारात धमन्या बहुतेकदा नागमोडी. त्वचा इतकी पातळ की छातीवरच्या निळ्या शिरा मोजाव्यात, जराशा धक्क्यानं काळंनिळं पडणं, हे दिसलं तर व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉस आठवतो. त्यात तिसऱ्या प्रकारचं कोलॅजनच सदोष असतं, म्हणून धमनी कुठंही फाटू शकते. अशांची साधी अँजिओग्राफीही मी टाळतो. सीटी किंवा एमआरवर भागवतो.

1990 मध्ये डॉ. गुलिएल्मींनी लॉस एंजेलिसला फुगवटा आतून भरणारी, जागेवर सोडता येणारी प्लॅटिनमची कॉइल पहिल्यांदा रुग्णात वापरली. तेव्हापासून धमनीतून नळी घालून उपचार करणाऱ्या आमच्या शाखेचं सगळं लक्ष फुगवट्यावर. या मुलांमध्ये मात्र जांघेपासून कवटीपर्यंतचा रस्ताच जोखमीचा. सुई सोनोग्राफीवर बघत, एकाच टोचणीत आत गेलेली बरी.

खरी परीक्षा वळणांवर. बाहेरून मायक्रोकॅथेटर, म्हणजे बारीक नळी, दोन सेंटिमीटर सरकवावी, तर पडद्यावर टोक ढिम्म. नळी वळणांत साचत जाते, ताण धरते आणि मग एकदम उसळी घेते. फुगवट्याच्या तोंडाशी तशी उसळी म्हणजे रक्तस्राव. म्हणून टोक हललं नाही की मी पुढं रेटत नाही, उलट थोडं मागं ओढून ताण काढतो. शिकाऊ डॉक्टरांच्या हाताला हे पटकन पटत नाही. स्टेंट टाकला, तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल आलंच. आधीच फाटायला टेकलेल्या धमन्यांत रक्त पातळ ठेवायचं म्हणजे नवी धाकधूक.

न फुटलेला, लहान फुगवटा असेल तर पुष्कळदा मी हातच लावत नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवायचा, ठरल्या वेळी एमआर करायचा. ‘एवढ्या लांबून आलो नि काहीच नाही करणार?’ हा प्रश्न येतोच. काही न करणं समजावायला ऑपरेशनपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्याचं बिल होत नाही.

मग भावंडांचा विषय. आई किंवा वडिलांकडून दोष आला असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. घरचे म्हणतात, ‘धाकटीचं लग्न जमवतोय डॉक्टर, तपासणी नंतर करू.’ पण एहलर्स-डॅनलॉसच्या या प्रकारात बाळंतपणात धमनी किंवा गर्भाशय फाटू शकतं. धाकटी सज्ञान असेल तर तिला एकटीला बोलवून मी हे सांगतो. तपासणीची तारीखही तीच ठरवते.